गयाबाईच्या मापाचं न्हाणीघर

गयाबाई नव्या न्हाणीघरात पाय पसरून बसली आणि तिची पावलं थेट उंबऱ्यावर आली.

"हं," ती म्हणाली. "आता लेकरू कुठं ठिवू साहेब? दाराबाहीर?"

गिरिजा, म्हणजे त्या घरची लेक, पोटावर हात ठेवून दाराशी उभी होती. ती पदरात तोंड लपवून हसली. तिची आई हसली नाही. वडील माझ्याकडे बघत होते आणि मी भिंतीकडे. नकाशा माझा, मापं माझी, देखरेख माझी. गिलावा अजून ओला होता. माझ्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यातलं ते पहिलंवहिलं स्वतंत्र काम होतं आणि एका सुईणीनं ते बसल्या जागी नापास केलं होतं.

मी तेव्हा जिंतूरला तामीरातमध्ये ओव्हरसियर होतो. तामीरात म्हणजे निजामाच्या राज्यातलं बांधकाम खातं. रस्ते, पूल, कचेऱ्या, डाकबंगले ही आमची कामं. शिक्षण हैदराबादेत, उर्दूतून. त्यामुळे एस्टिमेटला आम्ही तखमिना म्हणायचो आणि सुट्टी रविवारी नाही, जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी असायची. त्या दिवशी सायकल काढायची आणि भटकायचं. आता गुडघे जिना चढताना कुरकुरतात, पण तेव्हा जिंतूर ते चारठाणा ही वाट मी पायडल मारत, मोठ्यानं गात जायचो. आवाज चांगला नव्हता. वाटेत ऐकायलाही कुणी नव्हतं.

चारठाण्याचे अप्पा कापडाचे व्यापारी. लिंगायत घर. अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय घरात कुणी पाण्याचा घोटही घ्यायचं नाही. आणि एवढ्या सोवळ्याच्या घरात न्हाणीघर नव्हतं! पुरुष आडावर अंग धुवायचे. बायकांसाठी परसात तुराट्यांचा कूड होता. तुराट्या म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या. घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं. भिंती दोन-दोन हात रुंद, पण त्याही मातीच्याच. अशा घरात पाणी आणायला लोक भितात. भिंतीच्या पायात ओल गेली की भिंत बसते आणि भिंत बसली की माळवद खाली येतं.

एके दिवशी अप्पा माझ्या कचेरीत आले. खुर्चीवर बसले नाहीत.

"साहेब, घरात न्हानीघर बांधायचंय. पुसाच्या आत."

"एवढी घाई का अप्पा?"

त्यांनी पागोटं काढून हातात धरलं. पूस म्हणजे पौष. मागच्या पौषात गिरिजाचं पहिलं बाळंतपण झालं होतं. मुलगा झाला. नवव्या दिवशी त्याची छाती भरली आणि बाराव्या दिवशी, ज्या दिवशी पाळण्यात घालायचं, त्या दिवशी तो गेला. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि दिवस भरत होते ते पुन्हा पौषातच.

"आमी नशिबाला बोल लावला," अप्पा म्हणाले. "घरातल्या बाया कुडातल्या वाऱ्याला लावतेत. मला वाटतं बायांचंच खरं हाय."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

खासगी काम करायला वरची इजाजत लागायची. आमचे मोहतमीम, म्हणजे मोठे इंजिनियर, परभणीला बसत. त्यांनी इजाजत दिली आणि वर कपाटातून एक जाडजूड विलायती कॅटलॉग काढून माझ्यापुढे टाकला.

"ग़ुस्लख़ाना बनाना है तो ढंग का बनाओ मियाँ. देहात के लोग भी देखें, क्या चीज़ होती है."

तो कॅटलॉग मी महिनाभर उशाशी घेऊन झोपलो. खोटं कशाला सांगू! पांढरेशुभ्र टब, त्यांना सिंहाचे पाय, पितळेचे नळ, माणूसभर उंचीचे आरसे. एका चित्रात एक मड्डम टबात बसून पुस्तक वाचत होती. मी तेव्हा बिनलग्नाचा होतो. ते चित्र मी अभ्यासू नजरेनं पुष्कळदा पाहिलं.

आता चारठाण्यात नळ कुठून आणणार? आडाला बसवणार? मग मी जिंतूरच्या डाकबंगल्यातलं न्हाणीघर टेप लावून मोजून काढलं. साहेब लोकांसाठीचं ते. मोठी खिडकी, गुळगुळीत घोटलेली जमीन, भिंतीतले कोनाडे छातीच्या उंचीला. विलायत आणि डाकबंगला यांचा संकर करून मी नक्शा तयार केला. साडेपाच फूट लांब, पाच फूट रुंद खोली. एका टोकाला टबाच्या जागी तीन फुटांचा पक्का हौद. नक्शा ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं काढला. इतका देखणा उतरला की मीच त्याच्याकडे बघत बसायचो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, सिमेंट मिळत नव्हतं. म्हणून चुन्याचं काम. चुना आणि वाळू बैलाच्या घाण्यात दिवसभर मळायची, त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घालायचा. असा चुना पुढे दगडाला भारी पडतो, पण त्याला घाई खपत नाही. मनासारखा मुरायला दीड-दोन महिने घेतो.

ओलीचा प्रश्न इमाम मिस्त्रीनं सोडवला. आमच्या हाताखालचा सर्वांत म्हातारा गवंडी. तो मला गावातल्या जुन्या महादेवाच्या देवळामागं घेऊन गेला आणि पिंडीवरचं पाणी बाहेर पडतं तिथं बोट दाखवलं.

"देखो साब. कित्ते साल से देव के सर पे पानी डालरे लोगां. दिवार कू हात लगाव."

मी हात लावला. कोरडी ठक्क! पाणी वाहून नेणारी दगडी पन्हाळ भिंतीपासून चांगली हातभर पुढे काढलेली होती. आम्ही तसाच एक साधा, बिननक्षीचा दगड घडवून घेतला आणि पाणी घरापासून लांब नेलं. तेवढा भाग शेवटपर्यंत तसाच राहिला. माझ्या नक्शातलं तेवढंच टिकलं आणि तेही माझं नव्हतं.

हौद बांधून होत आला तेव्हा अप्पांची बायको, तिला सगळे अक्का म्हणत, दाराआडून एकदा बोलली होती.

"हौद कामून म्हनते मी? जनावरं पाजायचीत का?"

"तू गप बस," अप्पा म्हणाले. "साहेब शिकलेले हायेत."

अक्का गप्प बसली. मलाही तेव्हा बरं वाटलं. किती मूर्ख होतो मी! त्या घरात बाळंतिणीचं करणाऱ्या, पाणी तापवणाऱ्या, लेकरं पायावर घेणाऱ्या बायका पाच हातांवर होत्या, आणि मी सहा कोस दूर जिंतूरचा डाकबंगला मोजत बसलो.

गयाबाईला बोलावलं ते गिरिजानं. गयाबाई गावातली सुईण. पन्नाशीची, काटक, बोलायला तिखट. "मावशी, बसून दाखवा ना एकदा," गिरिजा म्हणाली, आणि मग ते घडलं, जे मी सुरुवातीला सांगितलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे तान्ह्या बाळाला टबात न्हाऊ घालत नाहीत. न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसते, दोन्ही पाय जोडून लांब करते आणि नडग्यांवर बाळ ठेवते. उजवीकडे कढत पाण्याचं घंगाळ, डावीकडे विसणाची, म्हणजे गार पाण्याची बादली. दुसरी बाई उभी राहून तांब्यानं पाणी घालते. हे सगळं मी लहानपणी हजारदा पाहिलं होतं. मीसुद्धा असाच कुणाच्यातरी पायावर बोंबलत मोठा झालो होतो. पण हातात स्केल आली की माणूस आईचं घर विसरतो.

गयाबाई पाय न काढता बोलायला लागली.

"पाय इथं अडायलेत, ते सोडा. ही खिडकी बगा. मी खाली बसले की वारं बरूबर लेकराच्या अंगावर. कोनाडा वर. तेल घ्यायला मी उठू का लेकरू पायावर घिऊन? जिमीन कशी हाय, आरशावानी! वल्ल्या पायानं लेकरू घिऊन निघाले अन् घसरले तर? अन् पानी उतरतंय कुठं? मह्या बुडाखाली! ते पायाकडं जायाला पायजे. अन् चुलीची भिंत त्या अंगाला हाय, दिवसभर गरम, तिकडं तुमी जनावराचा हौद बांधलाव."

मी चिडलो. "हे बघा बाई, हे न्हाणीघर खात्याच्या पद्धतीनं बांधलंय. मोठमोठे साहेब अशाच न्हाणीघरात अंघोळ करतात."

"करत असतील. साहेब बाळंत व्हतेत का?"

इमाम मिस्त्रीला खोकला आला. तो खोकला नव्हता हे मला कळत होतं. मी तावातावानं नक्शाची गुंडाळी करायला लागलो. म्हणालो, आता काही होणार नाही, चुना लागलाय, मोडायचं म्हणजे खेळ आहे का, पौष तोंडावर आलाय.

तेव्हा गयाबाई उठली. आवाज खाली आणून, अक्काकडे न बघता म्हणाली, "साहेब, मागल्या साली त्या लेकराला म्याच न्हाऊ घातलं. कुडातून वारं येत व्हतं. मला कळत व्हतं. म्या पाठ करून बसले, पदर धरला, पर वारं काय पदरानं अडतं? तवापून या घरात आले न्हाई. आज पोरीनं बोलावलं म्हनून आले. पुन्यांदा तसं झालं तर मी कुनाला तोंड दावू?"

अक्कानं डोळ्याला पदर लावला. मग तीच पुढे आली, गयाबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुजा काय दोस गं बाई." वर्षभर दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं हे मला मागाहून कळलं. मला त्या क्षणी एवढंच वाटलं की जमीन दुभंगावी आणि मी माझ्या नक्शासकट आत जावं.

अप्पांनी विचारलं, "साहेब, दिवस किती हायेत?"

"पाच आठवडे. चुन्याला कमी पडतील."

"पाडा," अप्पा म्हणाले. "मग बघू."

दुसरा नक्शा कागदावर झालाच नाही. तो परसात झाला. गयाबाई मोकळ्या जागेत पाटावर बसली. घंगाळ ठेवलं, बादली ठेवली, अक्का तांब्या घेऊन उभी राहिली. बाळ म्हणून काय ठेवावं यावर वाद झाला. कुणी वरवंटा म्हणालं, अक्का संतापली, वरवंटा बारशाला, जन्माच्या आधी कसला वरवंटा! शेवटी वेलावरचा एक भला थोरला दुधी भोपळा आणला. गयाबाईनं त्याला नडग्यांवर घेतलं आणि तेल लावल्यासारखं केलं. उताणा, पालथा, मग उचलून छातीशी. मी भोवतीनं चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारत गेलो. हात उजवीकडे किती जातो, डावीकडे किती. बसल्या बसल्या तेलाच्या वाटीपर्यंत हात कुठवर पोचतो. उठताना कुठं धरते. तिला टेकायला काही लागतं का, विचारलं.

"इतकी वर्सं झाली, कुनी इचारलं न्हाई," ती म्हणाली. मग हात मागं कंबरेला लावून म्हणाली, "लागतं. कंबर जाते माझी."

म्हणून पाठीशी तिरपा दगड आला.

गिरिजा तेवढा वेळ माळवदाच्या सावलीत बसून भोपळ्याकडे बघत होती. हसत होती आणि डोळे पुसत होती.

बाहेरची भिंत पाडून साडेतीन फूट पुढे नेली. हौद काढला. बसायची जागा फिरवून चुलीच्या भिंतीकडे नेली. मोठी खिडकी बुजवली, तिच्या जागी वर छताशी वाफ जायला झरोका ठेवला. कोनाडा खाली, बसल्या हाताला. दार एका कोपऱ्यात, म्हणजे उघडलं तरी झुळूक सरळ आत यायची नाही. चुन्याची घोटलेली जमीन उखडून छिन्नीनं खडबडीत केलेल्या शहाबादी फरश्या बसवल्या. फरशी दगडाचीच, त्यामुळे मुरायचे ते फक्त सांधे. वेळ वाचला तो तिथं. उतार पायाकडे. मी पाण्याचा तांब्या ओतून पाहिला, गयाबाईनंही स्वतः ओतून पाहिला. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि तिचं बरोबर होतं.

एवढं करून गिरिजा बारा दिवस आधीच बाळंत झाली. मुलगी झाली. सांगावा घेऊन अप्पांचा गडी जिंतूरला आला तेव्हा शेवटच्या फरश्या बसवून जेमतेम आठवडा झाला होता. सांधे कच्चे. त्यांवरून रोज घंगाळभर पाणी वाहिलं असतं तर चुना धुऊन गेला असता. मी चिठ्ठी लिहून पाठवली: आठ दिवस फरशीवर पाणी नको. पण पौषातल्या थंडीत लेकरू न्हाऊ कुठं घालणार? पुन्हा कुडात?

शुक्रवार येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गेलो तर कळलं, गयाबाईनं त्याचंही उत्तर काढलं होतं. लग्नाकार्यातली मोठी पितळी परात मागवून तिच्यात पाय ठेवून ती बसत होती. पाणी परातीत, परात उचलून बाहेर. वारा नाही, मागची भिंत गरम आणि सांधेही कोरडे. "साहेबाच्या चुन्याला धक्का लागू दिला न्हाई म्हनावं," असा निरोप मला बाहेर मिळाला. बाळंतिणीच्या खोलीकडे पुरुषांना जायची सोय नव्हती.

नववा दिवस गेला. त्या दिवशी मी कचेरीत एकही ओळ लिहिली नाही. दहावा गेला. बारावा दिवस शुक्रवारीच आला. सकाळीच चारठाण्याला पोचलो. अप्पा घराच्या मागल्या बाजूला, भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. मीही त्यांच्याशेजारी बसलो. आतून तांब्याचा आवाज येत होता. आज पहिल्यांदाच परात काढून टाकली होती. जरा वेळानं हळदीचं, डाळीच्या पिठाचं कोमट पाणी बाहेर पडायला लागलं, वाफा काढत. आणि आत पोरीनं असा काही टाहो फोडला की झाडावरचे कावळे उडाले.

"रड, माय, रड," गयाबाई आतून म्हणत होती. "छाती भरून रड."

अप्पा हमसून हमसून रडले. चारचौघांत मान असलेला माणूस. मीही रडलो. सांगायला आता लाज कसली?

त्या उन्हाळ्यात मोहतमीम साहेब रस्त्याच्या पाहणीसाठी आले. अप्पांनी त्यांना चहाला बोलावलं आणि न्हाणीघर दाखवलं. साहेब हुशार माणूस. झरोका पाहिला, कोनाडा पाहिला, पाठीचा दगड पाहिला, चुलीच्या भिंतीला तळवा लावून उभे राहिले.

"वाह! कॅटलॉग में तो ये कहीं नहीं था. किसका ख़याल है ये?"

गयाबाई दहा पावलांवर परसात बसून पोरीला तेल लावत होती.

"जी, मेरा," मी म्हणालो.

निजामाच्या मुलखात तेवढं उर्दू शेळ्या राखणाऱ्यालाही कळायचं. गयाबाईचा हात थांबला नाही. साहेबांनी पाठ थोपटली, आपल्या परभणीच्या बंगल्यासाठी नक्शाची नक्कल मागितली. मी ती रात्रंदिवस खपून काढली आणि खाली कोपऱ्यात वळणदार अक्षरात माझं नाव घातलं. पुढच्या बढतीत त्या कागदाचा वाटा होता.

नंतर एकदा गयाबाई वाटेत भेटली. मी सायकलवरून उतरलो. तीच म्हणाली, "साहेब, त्या मोठ्या साहेबाच्या घरी बाईमानसाला पाय पसरायला जागा ठिवली का?"

"ठेवली," मी म्हणालो.

"पाठीला दगड?"

"तोही."

"मग झालं," ती म्हणाली आणि डोक्यावरची पाटी सावरत निघून गेली.

पुढे खात्यात तीस वर्षं काढली. पुष्कळ न्हाणीघरं बांधली, काही साहेबांची, काही दवाखान्यांची. नकाशाच्या कोपऱ्यात ‘काढणार’ म्हणून एक रकाना असतो. त्याच्या खाली मी हातानं आणखी एक आखायला लागलो, ‘सुचवणार’, आणि त्यात गवंड्यांची, भिश्त्यांची, स्वयंपाकिणींची नावं लिहायला लागलो. वरचे लोक हसायचे आणि पुष्कळदा तो रकाना खोडून टाकायचे. खोडोत बापडे. पण ज्या एका नकाशात तो असायला हवा होता, तिथं खोडायलासुद्धा मी काही लिहिलं नव्हतं.